खुशखबर कोणाच्या हातात?

आपल्याकडे निकाहाला सहा महिने झाले की नव्या सुनेच्या मागे एक प्रश्न लागतो. वलीम्यात, अकीक्यात, ईद मिळायला आलेल्या बायकांत, अगदी कोणाच्या घरी पुरसा द्यायला गेली तरी. "क्या बहू, कुछ खुशखबर?" विचारणाऱ्या खाला-फूफीच्या मनात बहुतेक वेळा प्रेमच असते. वर्षभराने मात्र प्रश्नाचा सूर बदलतो. दोन वर्षांनी तो सुनेला विचारला जात नाही, तिच्या सासूला विचारला जातो, आणि उत्तर देताना सासूची नजर सुनेकडे वळते. या साऱ्या काळात घरातल्या मुलाला, म्हणजे तिच्या शौहरला, कोणी काहीच विचारलेले नसते.

मी जळगावात उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. माहेर धुळ्याचे. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये तिसरा धडा मानवी प्रजननाचा आहे. पाळीचे चक्र, फलन, गर्भाची वाढ, जुळी मुले, आयव्हीएफ, सरोगसी, वीर्यपेढी असे सगळे त्यात येते. बालभारतीचे हे पुस्तक उर्दूतही आहे. हा धडा मी मुलींना सावकाश शिकवते. त्यांच्यापैकी कित्येकींचा निकाह चार-पाच वर्षांत होणार असतो आणि त्यानंतर हा विषय त्यांना कोणी नीट समजावून सांगेल याची खात्री नसते. घरात असे बोलणे बेहयाई समजले जाते. पण मदीन्यातल्या अन्सारी स्त्रिया हैज आणि गुस्लचे प्रश्न थेट रसूलुल्लाह (स.) यांना विचारत असत, आणि दीन शिकताना त्यांनी लाज आड येऊ दिली नाही म्हणून हजरत आयशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली आहे. हया ही एक गोष्ट, अज्ञान ही दुसरी.

'राहणे' आणि 'ठहरना'

मराठीत आपण म्हणतो, 'गर्भ राहिला', 'दिवस राहिले'. घरातल्या उर्दूत म्हणतो, 'हमल ठहर गया'. राहणे आणि ठहरना. सूक्ष्मदर्शक न पाहता दोन्ही भाषांतल्या जुन्या बायकांनी नेमका शब्द धरला आहे. अंडपेशी आणि शुक्राणू एकत्र आले एवढ्याने गर्भ राहत नाही. त्या एकत्र येण्याला विज्ञानात फलन म्हणतात, उर्दूत बारआवरी. त्यानंतर सहा-सात दिवसांनी तो इवलासा जीव गर्भाशयाच्या आतल्या अस्तराला चिकटतो आणि त्यात रुजतो. याला रोपण म्हणतात. आपण 'राहणे' म्हणतो ते खरे तर हे रोपण. फलन झाले आणि रोपण झाले नाही, तर बाईला पत्ताही लागत नाही. पाळी वेळेवर येते, इतकेच.

कुरआनात गर्भाच्या अवस्थांसाठी नुत्फा, अलका, मुद्गा असे शब्द आले आहेत. उर्दू तर्जुम्यांत अलकाचा अर्थ बहुधा 'जमा हुआ खून' असा दिलेला असतो. पण त्या अरबी शब्दाच्या मुळात चिकटणे, लटकून राहणे हा अर्थ आहे. मुलींना मी दोन्ही अर्थ सांगते. कुरआन हे हिदायतचे पुस्तक आहे, जीवशास्त्राचे नाही, तेव्हा परीक्षेत उत्तर पाठ्यपुस्तकातलेच लिहा, हेही सांगते.

आणखी एक शब्द सांगते. गर्भाशयाला अरबी-उर्दूत 'रहिम' म्हणतात. ज्या धातूपासून अल्लाहची रहमान आणि रहीम ही नावे आली, त्याच धातूपासून हा शब्द आला. ज्या अवयवाचे नाव रहमतीशी जोडलेले आहे, त्याच्यावरून बाईला टोमणे मारणे आपल्याला शोभत नाही.

एका घरातली पिशवीभर कागदपत्रे

धुळ्यातले एक घर माझ्या नात्यातले आहे. नाव सांगत नाही, पण घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. माझ्या खालाजाद आपाचा मुलगा पॉवरलूमवर कामाला. निकाहाला पाच वर्षे झालेली, घरात मूल नाही. एके दिवशी आपाचा फोन आला. म्हणाली, "तू पढी-लिखी है. आके बहू को समझा. दूसरे निकाह के लिए राजी हो जाए तो घर में झगडा नहीं होगा."

मी एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचले. सुनेने कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. पाच वर्षांत तिच्या अंगावर जे जे झाले ते सगळे त्या पिशवीत होते. गर्भपिशवीच्या तीन सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, एकदा क्युरेटिंग, एकदा बेशुद्ध करून दुर्बिणीची तपासणी, रक्ताच्या चाचण्या, महिनोन्महिने चाललेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या. शिवाय चिठ्ठी नसलेल्या गोष्टी वेगळ्याच. कोणा वैद्याचे चूर्ण, कोणा बाबाचे पाणी, दंडाला बांधलेले तावीज. रिपोर्ट एकामागून एक बघितले. सगळे नॉर्मल.

मी विचारले, "आपा, लडके का रिपोर्ट कहाँ है?"

आपा चकित झाली. "उसको क्या हुआ? अच्छा भला तो है."

सगळा घोळ इथेच आहे. तब्येत धडधाकट असणे, संसार व्यवस्थित चालणे आणि वीर्यात पुरेसे शुक्राणू असणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ती सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते. आणि त्यासाठी ना चिरा द्यावा लागतो, ना भूल. एका स्वच्छ डबीत नमुना द्यायचा, काही तासांत निकाल. सुनेने ज्या तपासण्या सोसल्या, त्यांच्या तुलनेत ही सर्वांत सोपी आणि सर्वांत स्वस्त. ती पाच वर्षांत एकदाही झाली नव्हती.

मी एक कोरा कागद मागवला आणि फळ्यावर काढते तशी आकृती काढायला घेतली. आपा आणि सून समोर बसल्या. मुलगा आतल्या खोलीत दाराशी बसून ऐकत होता, हे मला त्याच्या सावलीवरून कळत होते. जे सांगितले ते इथे लिहिते.

कागदावरचा प्रवास

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या दोन अंडाशयांत सुमारे दहा ते वीस लाख अपक्व अंडपेशी असतात. ती वयात येईपर्यंत त्यांतल्या तीन-चार लाख उरतात. साऱ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात त्या चारशेच्या आसपास, साधारणपणे महिन्याला एक. अंडपेशीचा आकार मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. पेन्सिलीचे टोक कागदाला हलकेच टेकवले तर जो ठिपका उमटेल, तेवढा. बाहेर पडल्यावर ती फलनासाठी जेमतेम १२ ते २४ तास योग्य असते. म्हणजे महिन्यातला एक दिवस.

पुरुषाचे गणित उलटे. त्याच्या शरीरात शुक्राणू रोज कोट्यवधींच्या संख्येने बनत असतात. एक शुक्राणू पूर्ण तयार व्हायला मात्र सुमारे अडीच महिने लागतात. वृषणे शरीराबाहेर आहेत, कारण या कामाला शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार एका नमुन्यात एकूण सुमारे चार कोटींपेक्षा कमी शुक्राणू निघाले तर ते प्रमाण कमी समजतात. इतके कशासाठी? तर कोटींनी निघालेल्यांपैकी अंडपेशीच्या जवळ पोचतात ते काही शे. बाकी वाटेतच संपतात. जे टिकतात ते स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात.

भेट कुठे होते? बहुतेकींना वाटते, पिशवीत. पिशवीत नाही, नळीत. गर्भाशयाच्या दोन बाजूंना दहा-बारा सेंटिमीटर लांबीच्या दोन नळ्या असतात. त्यांतल्या एकीच्या रुंद भागात ही भेट होते. म्हणून नळ्या बंद असतील तर बाकी सगळे ठीक असूनही काही होत नाही. आपल्या भागात नळ्या खराब होण्याचे एक महत्त्वाचे कारण टीबी आहे. टीबी फक्त छातीचा नसतो. तो गर्भनळ्यांत आणि गर्भाशयाच्या अस्तरातही होतो, बाहेरून काही दाखवत नाही, आणि वेळेवर औषध घेतले तर बरा होतो.

अंडपेशीत एक शुक्राणू शिरला की तिचे कवच क्षणात बदलते आणि बाकीच्यांना दार बंद होते. आईकडून २३ गुणसूत्रे, वडिलांकडून २३. निम्मे-निम्मे. आईकडून नेहमी एक्स येते. वडिलांकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. 'बेटियाँ ही जनती है' असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

इथे थोडा इतिहास सांगण्यासारखा आहे. शुक्राणू माणसाने प्रथम पाहिले १६७७ मध्ये, हॉलंडच्या लेव्हेनहूकने आपल्या भिंगाखाली. सस्तन प्राण्याची अंडपेशी पाहिली ती १८२७ मध्ये, कार्ल फॉन बेअरने. मध्ये दीडशे वर्षे गेली. त्या काळात युरोपातल्या कित्येक विद्वानांनाही वाटे की सगळे बीज पुरुषाचे, बाई फक्त जमीन. आपल्याकडे अजून तेच बोलले जाते. बीज उगवले नाही तर जमीन खराब! कुरआनात मात्र सूरह अद्-दहरमध्ये नुत्फ्याला 'मिश्र' असे विशेषण लावले आहे, आणि अनेक मुफस्सिरांनी त्याचा अर्थ स्त्री आणि पुरुष दोघांचे मिश्रण असा केला आहे. देणारे दोघे आहेत, तर तपासायचेही दोघांना.

फलनानंतर साधारण एका दिवसाने त्या एका पेशीच्या दोन होतात, मग चार, मग आठ. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो गोळा सूक्ष्मदर्शकाखाली शहतूतासारखा दिसतो. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेले 'मोरूला' हे नावही लॅटिनमधल्या शहतूतावरूनच आले आहे. नळीच्या आत सूक्ष्म केस असतात. ते त्याला हळूहळू पिशवीकडे सरकवत नेतात. पाचव्या दिवसाच्या सुमारास तो आतून पोकळ चेंडूसारखा होतो. मग कवच फोडून बाहेर येतो आणि सहाव्या-सातव्या दिवशी भिंतीला टेकतो.

भिंत कायम तयार नसते. पाळीच्या चक्रात काही थोडे दिवसच तिचे अस्तर त्याला धरून ठेवण्याजोगे असते. लवकर आला तरी नाही, उशिरा आला तरी नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सहा आठवडे टिकलेल्या १४१ गर्भधारणा पाहिल्या होत्या. त्यांतल्या ८४ टक्क्यांमध्ये रोपण अंडपेशी सुटल्यापासून आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी झाले होते. तीन दिवसांचे दार!

रुजलेला गर्भ एक संप्रेरक सोडू लागतो, एचसीजी. तो जणू आईच्या शरीराला कळवतो की मी आलो आहे, पाळी थांबव. मेडिकलमध्ये मिळणारी पट्टी लघवीत हेच एचसीजी शोधते. म्हणून पाळी चुकायच्या आधीच पट्टी लावून रडत बसण्यात अर्थ नसतो. सांगावा निघण्याआधी तो पोचणार कसा?

पाते गळाले म्हणून

आपा गप्प होऊन ऐकत होती. मग म्हणाली, "इतना सब होता है, तो बच्चे होते कैसे हैं?"

मी म्हटले, "तुमच्या माहेरी कपाशी आहे. झाडाला लागलेल्या सगळ्या पात्यांची बोंडे होतात का?"

"कहाँ होती हैं? आधी तो गिर जाती हैं."

"मग पाते गळाले म्हणून कोणी झाड उपटून फेकते का?"

माणसाचेही तसेच आहे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २२१ स्त्रियांच्या लघवीची रोज तपासणी केली होती. त्यात १९८ गर्भधारणा सापडल्या. त्यांतल्या २२ टक्के कोणालाही कळायच्या आत संपल्या. नंतर झालेले गर्भपात धरले तर एकूण ३१ टक्के. आणि ही मोजणी रोपणानंतरची आहे. त्याआधी जे गळतात त्यांचा हिशेब यात नाहीच. त्यांतल्या पुष्कळांत गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. ते बाईने जिना चढल्यामुळे, पपई खाल्ल्यामुळे किंवा कोणाची नजर लागल्यामुळे गळत नाहीत.

म्हणूनच तरुण, निरोगी जोडप्यालाही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चार-पाचात एक इतकीच असते. वर्षभरात शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी जोडप्यांना यश येते. डॉक्टर एक वर्ष थांबायला सांगतात ते यासाठी. बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिनेच थांबायचे. आणि नंतर तपासणी दोघांची, एकाच वेळी. कारण मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडेही काही ना काही कारण निघते. कधी एकट्या त्याच्याकडे, कधी दोघांकडे.

त्या रात्री मी धुळ्यातच थांबले. मुलाशी मी फारसे बोलले नाही. मर्दाशी मर्दानेच बोलावे म्हणून माझे शौहर पुढच्या आठवड्यात गेले, त्याला घेऊन लॅबमध्ये गेले आणि बाहेर बसून राहिले. शुक्राणूंची संख्या बरीच कमी निघाली, हालचालही कमी. डॉक्टरांनी तपासले तेव्हा व्हेरिकोसील निघाले, म्हणजे वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या. हा दोष पुष्कळ पुरुषांत असतो आणि त्यावर उपचार आहे. गुटखा बंद करायला सांगितले. तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करायची, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच.

रिपोर्ट घेऊन तो घरी आला आणि आईसमोर एवढेच म्हणाला, "अम्मी, पाँच साल इसने मेरी जगह सुना है."

अजून त्या घरात पाळणा हललेला नाही. उपचार चालू आहेत. पण दुसऱ्या निकाहचा विषय त्या दिवशी संपला. आणि तो विषय संपला नसता तर काय झाले असते, याचाही विचार करा. दुसरी आली असती, तिलाही मूल झाले नसते, आणि मग एकाऐवजी दोन बायका 'बाँझ' ठरल्या असत्या.

केईएममधली हर्षा

औषधांनी, लहान शस्त्रक्रियांनी बऱ्याच जोडप्यांचे काम होते. काहींना पुढे जावे लागते, म्हणजे आयव्हीएफ, ज्याला आपण टेस्ट ट्यूब बेबी म्हणतो. जगातले असे पहिले बाळ, लुईस ब्राऊन, इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुर्गा नावाची मुलगी जन्मली. पण त्यांचे काम तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी मानले नाही. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली आणि श्रेय मिळाले ते मृत्यूनंतर अनेक वर्षांनी. महाराष्ट्रात हे घडले मुंबईच्या केईएम रुग्णालयात. ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षा चावडा जन्मली. डॉक्टर होत्या इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रीय बाजू सांभाळली परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी. केईएम महापालिकेचे, म्हणजे सामान्यांचे रुग्णालय आहे हे मला महत्त्वाचे वाटते. पुढे आनंदकुमार यांनीच कागदपत्रे तपासून सांगितले की देशातला पहिला मान डॉ. मुखोपाध्यायांचा आहे. स्वतःचे श्रेय स्वतःहून दुसऱ्याला देणारा माणूस! २०१६ मध्ये हर्षाला मुलगा झाला, आणि ती प्रसूतीही डॉ. हिंदुजांनीच केली.

आयव्हीएफमध्ये अंडपेशी सुईने बाहेर काढतात, प्रयोगशाळेतल्या बशीत शुक्राणूंशी मिळवतात, आणि दोन ते पाच दिवसांनी तयार झालेला गर्भ बारीक नळीतून गर्भाशयात सोडतात. फलन डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत होते. पण गर्भ आत सोडल्यावर डॉक्टरही काय करतात? सुमारे दोन आठवडे वाट पाहतात. पोषक औषधे देतात, पण चिकटवून देऊ शकत नाहीत. एवढी यंत्रे असूनही एका प्रयत्नात मूल हाती येण्यापेक्षा न येण्याचीच शक्यता बहुधा जास्त असते. जगातला निष्णात डॉक्टर ज्या ठिकाणी हात जोडून थांबतो, त्या ठिकाणचा जाब आपण वीस-बावीस वर्षांच्या मुलीला विचारतो.

म्हणून 'शंभर टक्के खात्री' अशी जाहिरात दिसली की सावध व्हावे. दागिने मोडून, व्याजाने पैसे काढून धावू नये. आधी साध्या तपासण्या, साधे उपचार, आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत.

शरीअत आणि कायदा

"हे आपल्यात चालते का?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मार्च १९८० मध्ये इजिप्तचे मुफ्ती शेख जाद अल-हक यांनी याविषयी फतवा दिला. ऑक्टोबर १९८६ मध्ये, म्हणजे हर्षाच्या जन्मानंतर दोनच महिन्यांनी, अम्मान इथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठराव केला. दोन्हींचे सार एक आहे. निकाहात असलेल्या जोडप्याचीच अंडपेशी, त्याच शौहरचे शुक्राणू आणि त्याच बीवीचे गर्भाशय असेल, तर गरजेपोटी घेतलेला हा उपचार जायज आहे. तिसऱ्या कोणाचे बीज किंवा गर्भाशय मध्ये आणणे नाजायज, कारण त्याने नसब म्हणजे वंशाची ओळख बिघडते. उपचाराआधी आपल्या मस्लकच्या मुफ्तींना विचारून घ्यावे.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. भारतात यासाठी २०२१ चा कायदा आहे, तो जानेवारी २०२२ पासून लागू झाला. दवाखान्याची नोंदणी सक्तीची आहे. बाईचे वय २१ ते ५०, पुरुषाचे २१ ते ५५ असावे लागते. हा कायदा दात्याची अंडपेशी किंवा वीर्य वापरायला परवानगी देतो. म्हणून सही करायच्या संमतिपत्रात काय लिहिले आहे ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून घेणारे माणूस सोबत न्या, आणि 'फक्त आमचेच' हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा. मुलगाच हवा म्हणून निवड करणे हा तर गुन्हा आहे, आणि गुनाहही.

मुलांच्या आयांना

ज्यांच्या घरी लग्नाची मुले आहेत, त्या माझ्या भगिनींना तीन गोष्टी सांगते. मुलाला गुटखा-तंबाखूपासून तोडा. त्याचे दुष्परिणाम फक्त तोंडात दिसतात असे नाही. वर्षभरात दिवस राहिले नाहीत तर पहिली तपासणी मुलाची करा, कारण तीच सर्वांत सोपी. आणि त्याचा रिपोर्ट खराब निघाला तर त्यालाही टोमणे मारू नका. दोष बाईवरून उचलून बुवावर टाकणे हा यावरचा इलाज नव्हे. सूरह अश-शूरामध्ये अल्लाह सांगतो की तो कोणाला मुली देतो, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही, आणि कोणाला अपत्यहीन ठेवतो. तिथे वापरलेला 'अकीम' हा अरबी शब्द पुरुषालाही लागू होतो आणि स्त्रीलाही.

आणि इलाज करूनही मूल झाले नाही तर? उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांना अपत्य नव्हते. त्यांच्याकडून दोन हजारांहून अधिक हदीस आपल्यापर्यंत पोचल्या, मोठमोठे सहाबा त्यांना मसले विचारायला येत. त्यांना कोणी अपुरी बाई म्हणेल का?

दहावीच्या मुलींना हा धडा संपवताना मी हजरत जकरिया (अ.स.) यांची आठवण देते. म्हातारपणी त्यांनी औलाद मागितली, ती दुआ सूरह मरयमच्या सुरुवातीलाच आहे. घरी जाऊन ती तर्जुम्यासह वाचा, असे सांगते. बीवीला मूल होत नाही हे ते अल्लाहला सांगतात, पण त्याच्या आधी स्वतःची हाडे ठिसूळ झाल्याचे आणि डोके पांढरे झाल्याचे सांगतात. नबी असून त्यांनी आधी स्वतःची कमजोरी पुढे ठेवली. आपल्या मुलांना एवढे शिकवता आले तरी पुष्कळ झाले.